रेस्टिंग हार्ट रेट: एका आकड्याची मोजदाद

४ जानेवारी

उद्देश आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाहवत जायला नको. स्वस्थ असताना माझे मिनिटाला किती ठोके पडतात, हे अशा पद्धतीनं मोजायचं की आजचा आकडा दोन महिन्यांनंतरच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. निदान वगैरे काही करायचं नाही.

गरज का पडली, तर आज सकाळी तीन ठिकाणी तीन आकडे होते. स्मार्टवॉचवर ५५, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ६४, आणि मनगटावर बोटं ठेवून मोजले तर ६०. यातलं काहीच बिघडलेलं नाही. घड्याळाचा ५५ हा आत्ताचा नाहीच, तो रात्रीच्या झोपेतून काढलेला आहे. ऑक्सिमीटर गेल्या काही सेकंदांची सरासरी दाखवतो आणि तो आणायला मी उठून ड्रॉवरपर्यंत गेले होते. म्हणजे प्रश्नच तीन वेगळे होते. ‘रेस्टिंग’ म्हणजे नेमकी कुठली अवस्था, हे ठरवल्याशिवाय यंत्रांची तुलना करण्यात अर्थ नाही.

५ जानेवारी

हातानं मोजणं पक्कं करून घेते, कारण बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

तळहात वर करायचा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे आलं की एक हाड लागतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला, हाड आणि ताठ शीर यांच्या मधल्या खोलगट जागेत नाडी सापडते. तर्जनी आणि मधलं बोट ठेवायचं. अंगठा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मग आपण कुणाचे ठोके मोजतोय ते कळत नाही. दाब किती द्यायचा हे सांगून येत नाही: जोरात दाबलं की नाडी बंद होते, हलकं ठेवलं की निसटते. मधे एक जागा असते जिथे ठोका बोटाला अलगद उचलतो. नाही सापडली तर मनगट किंचित मागे वाकवून बघायचं. मानेवर मोजायचं असेल तर एकाच बाजूला आणि हलक्या हातानं. तिथे दाब ओळखणाऱ्या नसा असतात, जोरात दाबलं तर ठोके मंदावतात आणि एखाद्याला चक्करही येते.

आता मोजणी. ‘१५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा’ ही पद्धत सगळीकडे सांगतात. घाई असेल तेव्हा ठीक आहे, पण माझ्या कामाची नाही. खरी गती ६२ असेल तर १५ सेकंदांत साडेपंधरा ठोके पडतात. अर्धा ठोका मोजता येत नाही, म्हणून उत्तर ६० येतं नाहीतर ६४. मधला आकडा येणारच नाही. १० सेकंदांना ६ ने गुणलं तर पायरी सहाची होते. शिवाय पहिला ठोका. स्टॉपवॉच ठोक्यावर सुरू केलं असेल तर तो ठोका ‘शून्य’ म्हणायचा, ‘एक’ नाही. एक म्हटलं की १५ सेकंदांच्या मोजणीत चार ठोके फुकटचे जमा होतात. पूर्ण मिनिट मोजलं तर हीच चूक एकाच ठोक्याची राहते.

उलट्या बाजूनं गेलं तर आणखी बरं जमतं. वेळ ठरवून ठोके मोजण्याऐवजी ठोके ठरवायचे आणि वेळ मोजायचा. शून्यापासून तीसपर्यंत मोजलं, २९.४ सेकंद लागले, तर १८०० भागिले २९.४, म्हणजे ६१.२. बटण दाबायला पाव सेकंद इकडेतिकडे झालं तरी उत्तरात अर्ध्या ठोक्याचाच फरक पडतो. नाडी नियमित असेल तर मी हीच पद्धत वापरणार. अनियमित असेल तर मात्र पूर्ण मिनिटाला पर्याय नाही.

जाता जाता: जॉन फ्लोयर या इंग्रज वैद्यानं १७०७ मध्ये बरोबर एक मिनिट चालून थांबणारं घड्याळ नाडीसाठीच बनवून घेतलं. त्याच्या आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इटलीत सांतोरियो नावाचा वैद्य लंबकाची दोरी लांब-आखूड करून तिचं झोके घेणं नाडीशी जुळवायचा. मग नाडी किती, तर दोरी इतकी लांब! मला हे फार आवडलं. मिनिटाला किती, हा हिशेब नसतानाही रोग्याची कालची आणि आजची नाडी ताडून बघता येत होती, आणि मला तरी दुसरं काय हवंय?

८ जानेवारी

अवस्था ठरवली. उठल्यावर, लघवीला जाऊन येऊन, परत पाच मिनिटं आडवं पडून, मग मोजायचं. गजर वाजल्या वाजल्या नाही, दचकून उठलं की ठोके चढलेले असतात. भरलेल्या मूत्राशयानंही ठोके थोडे वाढतात, म्हणून तो कार्यक्रम आधी.

आजचे आकडे: आडवं पडून ५८, पाय खाली सोडून बसल्यावर ६२, उभं राहून मिनिटभरानं ७४. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि मेंदूचा पुरवठा टिकवायला ठोके वाढतात. म्हणून शीटमध्ये ‘कसं मोजलं’ हा रकाना आकड्याच्या आधी ठेवलाय. दवाखान्यात बसवून मोजतात, मी पडून मोजते. तिथला आकडा माझ्यापेक्षा चार-पाचांनी जास्त आला तर घाबरायचं कारण नाही. त्यात दवाखान्याची धास्ती धरलेलीच नाही.

११ जानेवारी

आज मोजताना एक गोष्ट इतकी स्पष्ट जाणवली की बराच वेळ तेच करत बसले. सावकाश श्वास आत घेतला की ठोके जवळ जवळ येतात, सोडला की लांबतात. बोटाखाली सरळ कळतं. आत घेताना टक-टक-टक, सोडताना टक… टक… पहिल्यांदा लक्षात आलं तर माणूस बिचकेल, पण हे निरोगीपणाचंच लक्षण आहे. तरुणांमध्ये जास्त दिसतं आणि वयानुसार कमी होत जातं. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८४७ मध्येच याची नोंद केली होती.

याचं कारण समजून घेताना मूळ प्रश्नच उलगडला. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड. ठोक्याची सुरुवात तिथून होते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो १९०७ मध्ये दाखवून दिला. या पुंजक्याला कुणाची आज्ञा लागत नाही. सगळ्या नसांचा प्रभाव औषधांनी बंद केला तर तो आपल्या मनानं चालतो, आणि ती मनची गती बरीच जास्त असते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेलं एक सूत्र आहे: ११८.१ वजा वयाच्या ०.५७ पट. माझं वय ३६, म्हणजे साधारण ९८.

मग मी ५८ वर कशी? मेंदूकडून येणारी व्हेगस नस सतत ब्रेकवर पाय ठेवून असते म्हणून. स्वस्थ पडलेल्या माणसाचं हृदय आपोआप मंद होत नाही, त्याला सतत मंद ठेवलं जातं. श्वास घेताना व्हेगसचा जोर क्षणभर सैल होतो, सोडताना परत बसतो, आणि तेच बोटाखाली जाणवतं. व्हेगस हे काम रसायनाच्या मार्फत करते, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, ते मंदावलं, त्याच्याभोवतीचा द्राव दुसऱ्यावर सोडला, तर तेही मंदावलं. हा प्रयोग आपल्याला झोपेत सुचला असं तो सांगायचा. १९२१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं, १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

म्हणजे रेस्टिंग आकडा वाढला की ‘हृदय दमलंय’ असा थेट अर्थ काढता येत नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच की ब्रेक सैल झालाय. कमी झोप, ताप, पाण्याची कमतरता, काळजी, उष्मा, रात्री घेतलेलं मद्य, काहीही असू शकतं. आकडा एक, कारणं ढीगभर. शीटमध्ये शेरा लिहायला जागा हवीच.

१२ जानेवारी

कॉफीनंतर मोजून बघितलं, फरक नगण्य. रोज पिणाऱ्याला सवय झालेली असते. जेवणानंतर मात्र स्पष्ट वाढ दिसते, पचनाकडे रक्त वळवायला जास्त काम पडतं.

१८ जानेवारी

दादानं त्याचा छातीचा पट्टा आणून दिला. तो लांब पल्ल्याचं धावतो, त्यामुळे ही यंत्रं त्याच्याकडे पडलेलीच असतात. पट्टा, घड्याळ, ऑक्सिमीटर, तिन्ही एकदम लावून पडून राहिले. दादा म्हणाला, ‘आयसीयूत आहेस की काय?’

पट्टा हृदयाचे विजेचे संकेत पकडतो, ईसीजीसारखेच, फक्त एका दिशेनं. तो कोरडा असला की गोंधळतो. आतली बाजू ओली केली की सरळ येतो. घड्याळ आणि ऑक्सिमीटर मात्र वीज बघतच नाहीत, प्रकाश बघतात. घड्याळाचा हिरवा दिवा कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो. तो चढउतार मोजायचा. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतो, कारण त्याला ठोक्यांबरोबर ऑक्सिजनही काढायचा असतो. ही दोन प्रकाशांची युक्ती जपानमधल्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची.

स्वस्थ पडलेलं असताना तिघांमध्ये एक-दोन ठोक्यांच्या वर फरक नव्हता. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण घड्याळाला नावं ठेवायची फॅशन आहे. हालचालीत ते चुकतं, सैल पट्ट्यात चुकतं, गार हातावर किंवा गडद गोंदणावर चुकतं. स्वस्थ बसलेल्या माणसावर त्याला फारसं काही अवघड नाही. वाद आहे तो त्याच्या व्याख्येचा. दिवसाअखेरीस जो एक ‘रेस्टिंग’ आकडा ते दाखवतं, तो कुणी झोपेतल्या सर्वांत मंद काळावरून काढतं, कुणी झोप वगळून जागेपणीच्या शांत वेळांवरून, कुणी दोन्ही मिसळून. घड्याळ बदललं आणि आकडा पाचांनी उतरला, तर तब्येत सुधारली असं समजू नये.

दादाच्या पट्ट्यातून प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदांत मिळतं. सरासरी काढताना इथे एक खाच आहे. समजा दोन अंतरं आहेत, ०.८ आणि १.२ सेकंद. प्रत्येकाची गती काढली तर ७५ आणि ५०, सरासरी ६२.५. पण दोन ठोके पडायला एकूण दोन सेकंद लागले, म्हणजे खरी गती ६०. आधी अंतरांची बेरीज, मग भागाकार. उलट केलं की आकडा फुगतो, आणि श्वासाबरोबर ज्याचे ठोके जास्त हलतात त्याचा जास्त फुगतो.

२६ जानेवारी

शीटकडे बघितलं. सगळं ठरल्याप्रमाणे करूनही रोजचा आकडा ५६ ते ६१ मध्ये हिंदकळतो. म्हणून एका दिवसाच्या दोन-तीन ठोक्यांच्या फरकावर बोलायचं नाही असं ठरवलं. सरासरीऐवजी सात दिवसांचा मध्यक घेतेय, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावून बरोबर मधला. एखाद्या वाईट रात्रीचा ७० आला तर सरासरी ओढली जाते, मध्यक जागचा हलत नाही.

लक्ष देऊन मोजलं की आकडा वाढतो का, याचीही शंका होती. पहिले काही सेकंद वाढतो. म्हणून नाडी सापडल्यावर लगेच सुरू न करता थोडं थांबते.

४ फेब्रुवारी

ताप. तापमान ३८.५, ठोके ७५. एरवीचे ५९, तापमान एरवी ३६.७. म्हणजे १.८ अंशांना १६ ठोके. अंशाला साधारण आठ ते दहा ठोके वाढतात हा जुना ठोकताळा आहे, त्यात बसतंय. परत झोपते.

९ फेब्रुवारी

ताप जाऊन दोन-तीन दिवस झाले तरी आकडा ६४ च्या खाली आला नव्हता. आज ६०. या मधल्या दिवसांत ‘बरं वाटतंय’ म्हणून मी जिना धावत चढणार होते, शीट बघून राहू दिलं.

१५ फेब्रुवारी

आईनं विचारलं, ‘मग माझं ५४ कमी आहे का गं?’

प्रौढांसाठी ६० ते १०० ही सर्वसाधारण मर्यादा सांगतात. ती फार रुंद आहे. ६२ वर राहणाऱ्या माणसाचे ठोके ८२ झाले तरी तक्त्याप्रमाणे सगळं आलबेल, आणि त्याच्या अंगात मात्र काहीतरी नक्की चाललंय. दुसऱ्या टोकाला दादा, पडून ४४. नियमित धावणाऱ्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. स्वस्थ शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर पुरतं. ठोक्याला ७० मिलिलिटर असेल तर सत्तर ठोके लागतात, ११० असेल तर पंचेचाळीसच्या आसपास. तो ठणठणीत आहे, चक्कर येत नाही, धाप लागत नाही.

आईचं प्रकरण वेगळं. ती बीटा ब्लॉकर घेते, आणि ॲड्रेनलीनचा हृदयावरचा परिणाम रोखणं हेच त्या गोळीचं काम. हे औषध घडवणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. तिच्या ५४ ची तुलना माझ्या ५८ शी होत नाही, तापातल्या वाढीचा ठोकताळाही तिला तसाच लागू पडणार नाही. तिला इतकंच सांगितलं: गोळी आपल्या मनानं कमी-जास्त करू नकोस, आणि चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारलं तर आकडा लिहून घेऊन डॉक्टरांना सांग.

शीटच्या वरच ठळक लिहून टाकलंय: स्वस्थ असताना सतत १०० च्या वर, किंवा मंद ठोक्यांसोबत चक्कर, धाप, शुद्ध हरपणं, किंवा श्वासाशी काही संबंध नसलेली, कशीही धावणारी नाडी, यातलं काहीही असेल तर मोजत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढायचा. छातीत दुखत असेल तर तेवढंही थांबायचं नाही, सरळ तातडीची मदत. अनियमित ठोक्यांमध्ये, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. तिथे नाडीचा आकडा हृदयाच्या आकड्यापेक्षा कमी येतो.

२३ फेब्रुवारी

दादाला व्यायामाचे टप्पे काढायचे होते. कार्वोनेनची १९५७ ची पद्धत: कमाल गतीतून रेस्टिंग वजा करा, जितका जोर हवा तितके टक्के घ्या, परत रेस्टिंग मिळवा. माझ्यावर करून बघितलं. कमाल १८४ धरली (२२० वजा वय, हाही ढोबळ अंदाजच, माणसामाणसात दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे). रेस्टिंग ५८ धरून ६० टक्क्यांना १३४ येतात, ६४ धरून १३६. ८५ टक्क्यांना तर १६५ आणि १६६. रेस्टिंगमध्ये सहाची गफलत झाली तरी जोराच्या व्यायामात एकच ठोका हलतो. तेव्हा या कामासाठी इतकं काटेकोर मोजायची गरज नाही. त्याला म्हटलं, कमाल गती नीट काढ, खरी चूक तिथे आहे. त्याला हे फारसं रुचलं नाही, कारण कमाल काढायची म्हणजे चढावर जीव निघेपर्यंत धावायचं.

८ मार्च

मध्यकाच्या रेषेत एक सावकाश लाट दिसतेय. ताप वगळला तरी दिसतेय. झोप, जेवण, कशाशीच जुळेना, मग पाळीच्या तारखा शेजारी मांडल्या. चक्राच्या पहिल्या भागात ५७ च्या आसपास, अंडोत्सर्गानंतरच्या भागात ६० च्या आसपास, पाळी आली की परत खाली. त्या दिवसांत शरीराचं तापमानही किंचित वाढलेलं असतं, आणि दोन्ही बदल ठाऊक असलेले आहेत. तरी ‘रेस्टिंग हार्ट रेट कसा मोजावा’ अशा बहुतेक सूचनांमध्ये याचा उल्लेख का नसतो कोण जाणे. ज्यांना पाळी येते त्यांनी पहिल्या आठवड्याचा आकडा तिसऱ्याशी ताडला, तर काहीही न बिघडता बिघाड दिसेल. आता तुलना मागच्या चक्रातल्या त्याच भागाशी. सात दिवसांचा मध्यक तसाच, शेजारी चक्राच्या दिवसाचा रकाना.

१५ मार्च

शीटचं रूप कायम केलं. रकाने या क्रमानं: तारीख, कसं मोजलं (पडून, बसून), तीस ठोक्यांना लागलेले सेकंद, त्यावरून आपोआप निघणारी गती, चक्राचा दिवस, शेरा. घड्याळाचा आकडा वेगळ्या पानावर, तो या हिशेबात मिसळायचा नाही. रोज मोजणं थांबवतेय. आठवड्यातल्या तीन सकाळी पुरेत, आणि काही बिनसल्यासारखं वाटलं तर सलग.

दादा म्हणतो, ‘माझेही आकडे तुझ्याच पानावर टाक.’ तो बसून मोजतो, कॉफी पिऊन. त्याला वेगळं पान करून दिलंय.